सिलिंडर सगळ्यांना तीसच किलोचा

शहरातल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातच्या सुमाराला डोकावलात तर एक न बोललेली वाटणी दिसते. लोखंडी सळ्या आणि जड प्लेटा पुरुषांकडे, कोपऱ्यातले दोन-दोन किलोचे गुलाबी-जांभळे डंबेल बायकांकडे. ट्रेनरचं वाक्यही ठरलेलं असतं: "मॅडम, तुम्हाला बॉडी थोडीच बनवायचीय? हलकं वजन घ्या, पंचवीस-तीस वेळा मारा. दम वाढेल, टोनिंग होईल." शेजारच्या पोराला मात्र पहिल्या आठवड्यापासून "वजन वाढव, वजन वाढव".

स्नायूंच्या दमाबद्दल गेल्या ऐंशी वर्षांत जे काही कळलं आहे, ते या वाटणीच्या जवळजवळ उलट जातं. हलक्या वजनाची खरी गरज बऱ्याचदा त्या पोराला असते आणि जड वजनाची मॅडमना. हे कसं, ते पाहायचं तर आधी दम मोजायचा कसा हे ठरवायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

इथे दम म्हणजे जिना चढताना लागणारी धाप नव्हे. ती हृदय-फुप्फुसांची गोष्ट. एखाद्या स्नायूनं तेच काम न थकता पुन्हा पुन्हा करत राहणं, किंवा एखादा भार बराच वेळ धरून ठेवणं, म्हणजे स्नायूचा दम. तो मोजायच्या दोन पट्ट्या आहेत. पहिली पट्टी: सगळ्यांना सारखंच वजन द्यायचं, समजा वीस किलो, आणि कोण किती वेळा उचलतं ते मोजायचं. दुसरी पट्टी: प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ताकदीच्या प्रमाणात वजन द्यायचं. जो एका वेळी जास्तीत जास्त शंभर किलो उचलू शकतो त्याला साठ, जी चाळीस उचलू शकते तिला चोवीस, आणि मग मोजायचं. पहिला दम निरपेक्ष, दुसरा सापेक्ष. एकाच माणसाचे हे दोन दम वेगवेगळे वागतात. व्यायामानं एक वाढतो तेव्हा दुसरा जागच्या जागी राहू शकतो, कधी कमीही होतो.

प्रयोगशाळेला दुसरी पट्टी आवडते, कारण ती न्याय्य वाटते. घराबाहेरच्या जगाला मात्र टक्केवारी कळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन साधारण तेवढंच किंवा किलोभर जास्त. म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. तो उचलणाऱ्याची ताकद किती, हे पाहून तो हलका होत नाही. तांदळाचं पोतं, पाण्याचा हंडा, झोपलेलं मूल, रेल्वेच्या फलाटावरची बॅग, अंथरुणाला खिळलेले सासरे, हे सगळे भार निरपेक्ष आहेत.

साधा हिशेब करून पाहू. समजा एक बाई एका वेळी जास्तीत जास्त वीस किलो डोक्याच्या वर नेऊ शकते. सोळा किलो तिच्यासाठी ऐंशी टक्के झाले. ऐंशी टक्के वजन बहुतेकांना आठ-एक वेळा जमतं. काही महिन्यांच्या व्यायामानंतर तिची कमाल ताकद पंचवीस किलोवर गेली. आता तेच सोळा किलो चौसष्ट टक्के झाले आणि ते ती पंधराच्या आसपास वेळा उचलेल. दमाचा वेगळा व्यायाम न करता दम जवळजवळ दुप्पट. ताकद वाढली की ठरावीक वजनाचा दम आपोआप वाढतो, आणि जितकी सुरुवातीची ताकद कमी तितका हा फायदा मोठा. ज्या पोराला तेच सोळा किलो आधीच त्याच्या ताकदीच्या वीस-पंचवीस टक्के आहेत, त्याला अजून ताकद कमावून त्या कामात फारसा फरक जाणवणार नाही.

या विषयाची शास्त्रीय सुरुवात झाली ती लष्करी इस्पितळात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याची इस्पितळं गुडघे आणि मांड्या मोडलेल्या जवानांनी भरली होती. त्यांना तेव्हा सायकल मारणं, हलकं वजन अनेकदा उचलणं असे सौम्य व्यायाम देत, आणि ते महिनोन् महिने बरे होत नसत. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर थॉमस डिलॉर्म स्वतः वजनं उचलण्याचा शौकीन होता. त्यानं जवानांच्या पायाला लोखंडी बूट बांधले, त्यात वजनं अडकवली आणि दर आठवड्याला ती वाढवत नेली. 1945 साली त्यानं आपले निष्कर्ष छापले. जड वजन आणि कमी आवर्तनं ताकद देतात, हलकं वजन आणि खूप आवर्तनं दम देतात, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आजही जगभर "दहाचे तीन सेट" म्हणतात, ते डिलॉर्म आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स यांच्याच पद्धतीतून आलेले आहेत.

डिलॉर्मचा नियम बराचसा बरोबर होता, पण त्याचा दुसरा अर्धा भाग जरा जास्तच ठाम होता. 1982 मध्ये अँडरसन आणि कर्नी या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजातल्या मुलांचे तीन गट केले आणि नऊ आठवडे बेंच प्रेस करून घेतला. पहिल्या गटाला इतकं जड वजन की सहा-आठ वेळांतच हात थांबावेत. दुसऱ्याला तीस-चाळीस वेळा जमेल असं. तिसऱ्याला शंभर ते दीडशे वेळा जमेल असं. जड वजनवाल्यांची ताकद 20 टक्क्यांनी वाढली, मधल्यांची 8, हलक्यांची 5. सापेक्ष दमात मात्र पारडं फिरलं: मधल्या गटाचा दम 22 टक्के, हलक्यांचा 28 टक्के वाढला आणि जड वजनवाल्यांचा उलट 7 टक्क्यांनी घसरला. इथपर्यंत डिलॉर्म खूश झाला असता. पण ठरावीक वजन किती वेळा उचलता येतं, ते पाहिलं तर तिन्ही गट सुधारले होते, जड वजनवालेसुद्धा. म्हणजे ताकदीच्या व्यायामानं दम येत नाही हे खरं नव्हतं. तो कुठल्या पट्टीनं मोजता यावर ते ठरत होतं.

2002 मध्ये ओहायो विद्यापीठातल्या कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी हेच पायांवर करून पाहिलं आणि त्यासाठी मांडीच्या स्नायूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली नेले. कधी वजनं न उचललेले 32 पुरुष, आठ आठवडे. तीन-पाच आवर्तनांच्या गटाची ताकद सर्वाधिक वाढली, वीस ते अठ्ठावीस आवर्तनांच्या गटाचा 60 टक्के वजनावरचा दम सर्वाधिक वाढला. अनुभवी मंडळींतही तेच. 2015 साली ब्रॅड शोनफेल्ड यांनी वजनं उचलण्याची सवय असलेल्या पुरुषांची तुलना केली. 25 ते 35 आवर्तनांच्या गटाचा 50 टक्के वजनावरचा बेंच प्रेसचा दम 16 टक्क्यांहून अधिक वाढला. आठ-बारा आवर्तनवाल्यांचा होता तिथेच राहिला. स्नायूंची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली होती, हे त्यातलं अनेकांना न पटणारं सत्य.

आता हे सगळे प्रयोग पुन्हा एकदा नजरेखालून घाला. कॉलेजातली मुलं, बत्तीस पुरुष, अनुभवी पुरुष. क्रीडाविज्ञानाची ही जुनी खोड आहे: पुरुषांवर मोजायचं आणि "माणसांवर" लिहायचं. अपवाद म्हणून 1994 मध्ये स्टोन आणि कुल्टर यांनी अँडरसन-कर्नींच्या धर्तीवर नऊ आठवड्यांचा प्रयोग स्त्रियांवर केला. जड, मध्यम, हलकं, तिन्ही प्रकारांनी त्यांची ताकदही वाढली आणि दमही, आणि गटागटांतला फरक पुरुषांइतका ठसठशीत निघाला नाही. नवशिक्या बाईला कुठलाही प्रामाणिक व्यायाम लागू पडतो, असा त्याचा साधा अर्थ. पण अट 'प्रामाणिक' ही आहे. त्यातल्या सर्वांत हलक्या गटाचं वजनही तीस-चाळीसाव्या आवर्तनाला हात थांबवणारं होतं. गप्पा मारत मारलेले दोन किलोचे तीस त्यात बसत नाहीत.

स्त्रियांचा दम मुळात वेगळा आहे का? हो, आणि हा भाग फारसा कुणी सांगत नाही. कोपर काटकोनात वाकवून स्वतःच्या कमाल जोराच्या फक्त 20 टक्के जोर सतत लावून धरायचा, अशी परीक्षा सँड्रा हंटर आणि रॉजर एनोका यांनी 2001 मध्ये घेतली. स्त्रियांनी सरासरी पुरुषांच्या दुपटीहून जास्त वेळ तग धरला. त्याआधी, 1986 मध्ये, ब्रिटनमधल्या रॉन मॉन यांच्या गटाला असंच दिसलं होतं: 50, 60, 70 टक्के वजनावर स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आवर्तनं करतात, 80 आणि 90 टक्क्यांवर फरक मिटतो.

कारणांपैकी पहिलं कारण रक्ताचं. स्नायू आवळला की तो आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. बलदंड पुरुषाचे 20 टक्के म्हणजे प्रत्यक्षात बराच मोठा जोर. त्याखाली रक्तप्रवाह लवकर अडतो, ऑक्सिजन तुटतो आणि स्नायू जळजळायला लागतो. बाईचे 20 टक्के कमी जोराचे, तिचं रक्त वाहत राहतं. हंटर यांनी नंतर, 2004 मध्ये, सारख्याच ताकदीचे स्त्री-पुरुष निवडून परीक्षा घेतली तेव्हा सतत धरून ठेवण्यातला हा फरक नाहीसा झाला. तिथे स्त्री-पुरुष हा प्रश्नच नव्हता, बलवान आणि कमी बलवान हा होता. पण प्रकरण इतक्यावर संपलं नाही. धरा-सोडा, धरा-सोडा अशा थांबून थांबून केलेल्या कामात सारख्या ताकदीच्या स्त्रियाही पुरुषांपेक्षा जास्त टिकल्या. तिथे स्नायूच्या घडणीचा हात असावा. मांडीच्या स्नायूत स्त्रियांकडे सावकाश आकसणाऱ्या, न थकणाऱ्या तंतूंनी व्यापलेली जागा प्रमाणात जास्त असते, पुरुषांकडे झटक्यानं आकसणाऱ्या, लवकर दमणाऱ्या तंतूंची. शिवाय लांबलेल्या श्रमात स्त्रियांचं शरीर साखरेपेक्षा चरबी जाळण्याकडे अधिक झुकतं आणि साखरेचा साठा पुरवून वापरतं.

म्हणजे सापेक्ष दम बाईकडे उपजतच बरा असतो. तिला कमी पडते ती ताकद, आणि तीही मुख्यतः कमरेच्या वर. एमआरआयनं मोजलं तर पुरुषाच्या अंगावर सरासरी 33 किलो स्नायू असतात, स्त्रीच्या अंगावर 21, आणि ही तफावत खांदे-दंडांत जास्त. पायांची ताकद पुरुषांच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पोचते, हातांची निम्म्याच्या थोडी वर. ज्याची आधीच बरकत आहे तेच वाढवायला सांगायचं आणि जे तोकडं आहे त्याला हात लावू द्यायचा नाही, ही आपल्या जिमची रीत.

जोराचा व्यायाम, ज्याला नवी पोरं पुशअप म्हणतात, याचं चांगलं उदाहरण आहे. पुशअपमध्ये अंगाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. जो पुरुष आपल्या वजनाइतका बेंच प्रेस मारतो, त्याला हा भार पासष्ट टक्क्यांचा. तो पंधरा-वीस सहज काढेल. साध्या, व्यायाम न केलेल्या बाईला तोच भार तिच्या कमाल ताकदीइतका किंवा त्याहून जास्त पडतो. म्हणून एका मिनिटात किती पुशअप, ही परीक्षा पुरुषाचा दम मोजते आणि बाईची ताकद. दोघांना एकच आकडा लावून "बायकांना दम नाही" म्हणणं हे मोजमापाचं अज्ञान आहे. गुडघे टेकवले की भार निम्म्यावर येतो आणि मग तिचा दमही दिसायला लागतो.

आपल्याकडच्या तालमींना हे सगळं शब्दांत मांडायची गरज पडली नाही, पण त्यांच्या दिनक्रमात ते आहे. निकाली कुस्तीला वेळेचं बंधन नसे. चीत होईपर्यंत झुंजायचं. म्हणून शेकड्यांनी जोर, शेकड्यांनी बैठका, हौद्यातली माती खणणं, दोर चढणं. मात्र वस्तादांनी नुसत्या बैठकांवर मल्ल तयार केले नाहीत. मुद्गल, करेल, दगडी नाल हे जड साहित्यही सोबत होतं. पन्नास बैठका जमल्यावर एक्कावन्नावी बैठक ताकद वाढवत नाही, दम वाढवते. ताकदीसाठी खांद्यावर जोडीदार घ्यावा लागतो. आता ऑलिंपिकच्या कुस्तीत स्त्री आणि पुरुष दोघांनाही तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या मिळतात. दमाचा हिशेब बदलला, तरी काही तालमी मुलींना अजून बैठकांच्याच रतिबावर ठेवतात.

जड व्यायामानं स्त्रीच्या निरपेक्ष दमाला काय होतं, याचा बोलका दाखला नव्वदच्या दशकात अमेरिकन सैन्याच्या नेटिक इथल्या प्रयोगशाळेनं दिला. बहुतेक साध्या नागरिक असलेल्या स्त्रियांना 24 आठवडे वजनं उचलणं, ओझं पाठीवर घेऊन चालणं, धावणं असं सगळं करायला लावलं. सैन्यात "अतिजड" गणल्या जाणाऱ्या कामांची पात्रता सुरुवातीला त्यांच्यातल्या 24 टक्के स्त्रियांकडे होती. शेवटी ती 78 टक्क्यांवर गेली. त्या कामांत खोकी एकामागून एक उचलायची असतात, टक्केवारी कुणी विचारत नाही.

शरीरात नेमकं काय बदलतं? पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा वाढत नाही. मेंदू आणि मज्जातंतू जास्त तंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात. मग तंतू जाड होतात. ताकदवान स्नायूला तेच वजन उचलताना आपल्या क्षमतेचा लहान वाटा लागतो. रक्तवाहिन्या कमी दबतात, लवकर दमणारे मोठे तंतू राखीव राहतात. जास्त आवर्तनांच्या व्यायामाचा मार्ग निराळा: स्नायूतल्या केशवाहिन्या आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात, आम्ल साचल्यावरही काम चालू ठेवायची सवय होते. त्यातला एक भाग निव्वळ सोसण्याचा असतो, जळजळ झाली म्हणून वजन खाली न ठेवण्याचा. तो कमी लेखू नये. दमाच्या परीक्षेत अर्धे लोक स्नायू संपण्याआधी मनानं संपतात, असं माझं मत आहे.

"पण मग मी पुरुषासारखी दिसेन" ही भीती राहतेच. पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक स्त्रियांच्या दहा-पंधरा पट असतं. टक्केवारीत पाहिलं तर स्त्रियांची ताकद पुरुषांइतकीच वाढते, कमरेच्या वर तर थोडी जास्तच. पण टक्के ज्या मुद्दलावर मोजायचे ते मुद्दल लहान. स्पर्धेत उतरणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचे दंड वर्षानुवर्षांच्या एकाच ध्यासातून येतात, आणि काहींच्या बाबतीत औषधांतून. आठवड्यातून दोनदा जिमला जाणाऱ्या बाईला ते चुकून येत नाहीत.

दुसरी अडचण खरी आहे आणि ती जिमच्या बाहेरची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात 54.2 टक्के. पुरुषांत देशभराचा आकडा 25 टक्के. वर सांगितलेल्या प्रयोगांतल्या स्त्रिया निरोगी होत्या. रक्तच ऑक्सिजन पोचवत नसेल तर न थकणाऱ्या तंतूंचा उपजत फायदा कागदावरच राहतो. वजन वाढवत नेऊनही दम वाढत नसेल, चढ चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ट्रेनर बदलण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ही तपासणी बहुतेक सरकारी दवाखान्यांत होते. ताटातल्या प्रथिनांचंही तसंच. सगळ्यांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला डाळ पातळच येते, आणि पातळ डाळीवर स्नायू उभा राहत नाही.

आता व्यवहाराचं. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्या बाईनं पहिले दोन-तीन महिने आठ ते बारा वेळा कसंबसं जमेल इतकंच वजन घ्यावं, बाराच्या पुढे सहज गेलं की वाढवावं. उठबस, जमिनीवरून उचलणं, छातीकडे ओढणं, डोक्यावर ढकलणं, वजन हातात घेऊन चालणं, एवढ्या पाच हालचालींत घरातली बहुतेक कामं येतात. ताकद थोडी जमली की शेवटी एक सेट हलक्या वजनाचा, वीस-पंचवीसांचा. वर्षानुवर्षं सहा-सहाचेच सेट मारणाऱ्या पुरुषानं उलटं करावं: आठवड्यातला एक दिवस कमाल ताकदीच्या 40 ते 60 टक्के वजनावर पंधराच्या वर आवर्तनं, दोन सेटमध्ये दीड मिनिटाहून कमी विश्रांती. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा 2009 चा सल्लाही दमासाठी हाच आहे. पहिल्या दिवशी त्याचा अहंकार दुखेल, दंड नंतर.

रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नका. उचलताना सोडा, खाली आणताना घ्या. प्रगती मोजायला टक्केवारीच्या फंदात पडायचं कारण नाही. आज दहा किलोचं काहीतरी किती वेळा उचलता येतं ते वहीत लिहा, तीन महिन्यांनी तेच दहा किलो पुन्हा मोजा. आणि ट्रेनर पुन्हा गुलाबी डंबेल पुढे करू लागला, तर त्याला सरळ सांगा: हे ठेवा, जड द्या.